नीवेसची वाम

नीवेस फोल्यीचं पत्र मला सप्टेंबरच्या शेवटी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. तिचं घर माझ्या घरापासून एक पूल ओलांडला की लागतं. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच बाकावर बसून गणितं चुकलो. तरी तिनं टपालानं पत्र पाठवलं, आणि तेही अहोजाहो करून.

‘माननीय ओत्तोरिनो यांस. आपण सगळा जन्म ग्रंथालयात काढलात. माझ्याकडे जी वाम आहे ती आपल्याच पाण्यातली आहे, एवढं कागदावर लिहून खाली सही करून द्यावी. प्रांताच्या कचेरीतला माणूस येणार आहे. परकी ठरली तर तो तिला मारायला नेणार. तसदीबद्दल माफी असावी.’

मी पत्राची घडी घालून ते शब्दकोशात ठेवलं आणि उत्तराचा कच्चा मसुदा करायला बसलो. ‘माझ्या मते बहुधा’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘मी या विषयातला जाणकार नसलो तरी’ असं लिहिलं, तेही खोडलं. मी ग्रंथालयातला कारकून. माशांवरची पुस्तकं मी वाचली, कारण ती दुसरं कुणी घरी नेतच नव्हतं. तेवढ्या भांडवलावर एका जिवाचा निवाडा करायचा? शिवाय त्याच पुस्तकांत स्पष्ट लिहिलं होतं की आमच्याकडची वाम आणि महासागरापलीकडची, अमेरिकेतली वाम, या दोघी बाहेरून बघून वेगळ्या सांगता येत नाहीत. मेलेल्या वामीचे मणके मोजले तरच फरक कळतो. मग मी जिवंत वामीबद्दल कशाच्या जोरावर लिहू? पत्र शब्दकोशातच राहिलं.

या सगळ्याची सुरुवात बॉयलर दुरुस्त करणाऱ्यानं केली होती. नीवेसच्या स्वयंपाकघरात जिन्याखाली एक काचेची टाकी आहे. कधीकाळी ती एका मासळीवाल्याच्या दुकानात होती. तिथल्या अंधारात, मातीच्या नळकांड्यात, तिची वाम राहते. नीवेस तिला ‘बाईसाहेब’ म्हणते. बॉयलरवाल्यानं वाकून बघितलं, दचकला, आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी लेआर्कोच्या बारमध्ये ज्याच्या त्याच्या फोनवर बाईसाहेबांचं तोंड. रंग काजळी धरलेल्या पितळेसारखा, आणि डोळे? कोटाच्या बटणाएवढे. सगळं डोकं म्हणजे डोळेच.

आमचं वाल्मोरा वामीवर जगलेलं गाव आहे. आजे-पणजे खाडीच्या पाण्यात वामी धरत आले. शरदात, अमावास्येच्या आसपास वारा सुटला की वामी समुद्राकडे निघतात, आणि आम्ही वाटेत कुडाचे सापळे लावून बसतो. वाम सोलावी कशी, शेगडीवर कातडीची बाजू आधी टाकावी की मांसाची, यावर आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालेले आहेत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताटात वाम नसेल तर त्या घरात कुणीतरी वारलं असावं असं समजतात. नीवेसही दर वर्षी रांधते. फक्त त्या संध्याकाळी ती टाकीवर टॉवेल टाकते.

आणि अशा या गावानं तो फोटो बघून एकमुखानं निकाल दिला: ही आपली नव्हे!

पिकतं तिथं विकत नाही असं म्हणतात. आमच्याकडे पिकतं तिथं ओळखतसुद्धा नाहीत.

त्यात गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नीवेसच्या वारलेल्या नवऱ्याला, गिल्दोला, ही वाम रावेन्नाच्या बंदरावर कुणा खलाशानं दिली होती. गिल्दो स्वतःच तसं सांगायचा. मग काय, डोळे असले आणि आलेली जहाजावरून, परकीच. कुणीतरी ‘काळजीपोटी’ कचेरीला कळवलं. परकी जात एकदा खाडीत शिरली की आपल्या वामींचं काय होईल, म्हणे. या काळजीवाल्यांनी आपल्या वामींचं आजवर काय केलं ते मी वर सांगितलंच आहे.

कचेरीतला माणूस सोमवारी आला. बेनाझ्झी त्याचं नाव. तरुण, सभ्य, हातात जातींच्या चित्रांचा चकचकीत तक्ता. त्याच्याबरोबर साक्षीला म्हणून बारवाला लेआर्को आणि म्हातारा मच्छीमार आर्वेदो. मला नीवेसनं खिडकीतून बघून हाक मारली होती. पत्राबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

“काकू, घाबरू नका,” बेनाझ्झी दारातच म्हणाला.

“मी कशाला घाबरू? बूट पुसून या आत.”

त्यानं बूट पुसले. टाकीशी उकिडवा बसून त्यानं टॉर्च लावला. बाईसाहेब नळकांड्यात मागे सरकल्या. बाहेर फक्त डोकं आणि ते दोन डोळे राहिले. त्यानं तक्त्याकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, परत तक्त्याकडे.

“माझं म्हणणं असं,” तो उठत म्हणाला, “पुस्तकापेक्षा इथल्या माणसांना जास्त कळतं. मी नेहमी मच्छीमारांना विचारतो. आर्वेदोकाका, तुम्ही सांगा.”

आर्वेदो खुर्चीवर बसला होता तसा आणखी पसरून बसला. “सांगायचं काय त्यात? जन्म गेला वामी धरण्यात. अशी एक पाहिली नाही.”

“शरदातल्या वामींचे डोळे मोठे असतात ना?” बेनाझ्झीनं विचारलं.

“असतात की. पण मोठे म्हणजे वाटाण्याएवढे. हिचे बघा! ही माझ्याकडे जप्तीला आल्यासारखी बघते.”

लेआर्को हसला. “तू तिच्या मामेभावाला दुपारी खाल्लास, म्हणून.”

“ती माझ्या खाण्यातल्यांची कुणी लागत नाही, हेच तर सांगतोय.”

“मग जात कोणती?” नीवेसनं विचारलं. “येवढं बघितलंत, तर नाव सांगा तिचं.”

“नाव नंतर ठरेल,” बेनाझ्झी म्हणाला. “इथली नाही एवढं आम्हाला पुरतं.”

हे वाक्य ऐकून माझी कानशिलं तापली. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पण इथली नाही एवढं पुरे! मी ग्रंथालयात असताना एखादं पुस्तक कुठल्या कपाटातलं ते कळलं नाही म्हणून कधी चुलीत घातलं नाही. मी तोंड उघडलं.

“मला वाटतं… डोळ्यांबाबत म्हणजे एक… कदाचित…”

“आपण कोण?”

“हे आमचे पुटपुटे,” लेआर्को म्हणाला. आमच्याकडे आडनावं मूठभर, म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव चिकटलेलं असतं. आमचं घर पुटपुट्यांचं. नीवेसच्या सासरचं मीठचोरांचं. “ग्रंथालयात होते.”

“काही हरकत नोंदवायची आहे का?”

“म्हणजे तसं नाही, पण… बहुधा…”

“बघा, पुटपुटलाच,” आर्वेदो म्हणाला, आणि सगळे हसले. बेनाझ्झीसुद्धा जरा हसला. त्याचा मला राग आला नाही. मला माझ्या जिभेचा आला.

जाताना त्यानं नीट समजावून सांगितलं. शुक्रवारी तो पेटी घेऊन येईल. तोपर्यंत कुणी नावानिशी लेखी हरकत दिली, तर ती कागदपत्रांना जोडावी लागेल, तज्ज्ञाकडून तपासणी होईल, आणि तपासणीपर्यंत वामीला हात लावता येणार नाही. “इथलीच निघाली, तर मात्र घरात ठेवता येणार नाही, काकू. ती जात आता फार थोडी उरली आहे. समुद्रात सोडावी लागेल. पण तो प्रश्न येणार नाही.”

ते गेले. नीवेसनं आर्वेदो बसला होता ती खुर्ची फडक्यानं पुसली, मग परत पुसली.

“बहुधा,” ती म्हणाली. “तज्ज्ञ आले माझे. बहुधा! तुला पत्र पाठवलं होतं की नाही?”

“मिळालं.”

“मला वाटलं टपालवाल्यानं हरवलं. मी उगाच त्याला शिव्या देत होते. एक ओळ, ओत्तोरिनो. एक ओळ मागितली होती, मूत्रपिंड नव्हतं मागितलं.”

“मला खात्री नव्हती.”

“मग बघायचं होतंस ना येऊन! पूल ओलांडायला पासपोर्ट लागतो का?”

मी घरी जाऊन भिंग आणि पुस्तक घेऊन आलो.

नीवेसनं ताटलीत सार्डिनचा तुकडा आणला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला धरला. बाईसाहेब सावकाश नळकांड्यातून निघाल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना पूर्ण कधी बघितलंच नव्हतं. हाताएवढ्या लांब, पण बारीक. पोट फिकं, पाठ काळी. डोक्यामागे दोन्ही बाजूंना छोटे गोल पर, वल्ह्यांसारखे हलत होते. मी काचेला नाक लावून बसलो. खालचा जबडा वरच्याहून पुढे. अंगावर डाग नाहीत, म्हणजे पूर्वेकडची ठिपकेवाली नव्हे. पाठीवरचा पर डोक्यापासून चांगला मागे सुरू होतो, पण पुस्तकातल्या आखूड पराच्या परक्या जातीइतका मागे नाही. एकेक करून परक्या गळत गेल्या.

“आणि डोळे?” नीवेसनं विचारलं.

“वाम समुद्राकडे निघायची झाली की तिचे डोळे वाढायला लागतात. खोल पाण्यातल्या अंधारासाठी. पाठ काळी पडते. मग ती निघते, आणि पुढं तिला कुणी बघत नाही. हिची तयारी झाली, पण ही निघालीच नाही. डोळे वाढत राहिले.”

तिनं ताटली ओट्यावर ठेवली.

“मग लिही ना तसं.”

“एक अडचण आहे.” आणि मी तिला अमेरिकेतल्या वामीबद्दल, मणक्यांबद्दल सांगितलं. “खलाशानं ती कुठून आणली होती, काही बोलला होता का गिल्दो? तो जर अमेरिकेच्या जहाजावरचा असेल तर माझी सही खोटी ठरेल.”

नीवेस बसली. त्याच पुसलेल्या खुर्चीवर.

“खलाशी नव्हता,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“कुणी खलाशीबिलाशी नव्हता. गिल्दोनं आणली. मोठ्या पाण्यातून.”

मोठं पाणी म्हणजे गावाच्या पश्चिमेला पसरलेली खाडी. आम्ही तरुण होतो तेव्हा सरकारनं पंप बसवून ती उपसली आणि शेतजमीन केली. गिल्दो त्या पाण्याचा पहारेकरी होता. वामी चोरणाऱ्यांना धरायचं, हे त्याचं काम. मीठचोरांच्या घरातला पहिला माणूस, ज्याच्या कमरेला चोर पकडायची शिट्टी होती.

“पंप चालू होते,” नीवेस म्हणाली. “तळाशी नुसता चिखल उरला होता, आणि त्यात बारीक वामी, पेन्सिलीएवढ्या, वळवळत होत्या. वर पक्षी बसलेले. ह्यांनी विचारलं साहेबांना, या पलीकडच्या कालव्यात सोडू का? साहेब म्हणाले, हुकूम नाही. मग ह्यांनी टोपीत पाणी घेतलं आणि एक उचलली. टोपी डोक्यावर घालून घरी आले, ओत्तोरिनो. वाटेत गावातल्या सगळ्यांना नमस्कार करत. कानावरून पाणी ओघळत होतं.”

“मग खलाशी कशाला?”

“पहारेकऱ्यानं वाम पळवली, आणि तीही मीठचोरांच्या पोरानं! ह्या गावानं सोडलं असतं का त्यांना? तू ओळखतोस ना आपल्या लोकांना. थडग्यावर लिहिलं असतं.”

मी टाकीकडे बघत राहिलो. ज्या पाण्यातून ती आली त्यावर आज गहू डोलतो. ते पाणी नकाशात नाही. त्या पाण्यातली हलणारी, श्वास घेणारी एकच गोष्ट उरली आहे आणि ती नीवेसच्या जिन्याखाली आहे. आणि ट्रॅक्टर इथले, गहू इथला, चकचकीत तक्ता घेऊन आलेला माणूस इथला, फक्त ती इथली नाही! मला इतका संताप आला की मी भिंग टेबलावर आपटलं.

“काच फुटली तर वामीसाठी चष्मा करू आपण,” नीवेस म्हणाली. “आपटू नकोस.”

“तिला सोडली का नाही तुम्ही? दर शरदात ती काचेवर आपटत असेल.”

“आपटते ना. वाऱ्याच्या रात्री झाकणावर इस्त्री ठेवावी लागते. हे दर वेळी म्हणायचे, पुढच्या शरदात सोडू.”

“मग?”

“तू लग्न केलं नाहीस, म्हणून विचारतोस.”

भिंग पुस्तकावर ठेवत मी म्हणालो, “मी ती इथली असं लिहिलं, तर ते तिला सोडायला लावतील. तुझ्याकडे राहणार नाही ती.”

“पत्र वाचलं होतंस का नीट?” ती एकदम उसळली. “माझ्याकडे राहू द्या असं एका तरी ओळीत आहे का? आपली आहे एवढं लिही म्हटलं. जायचं तर जाऊ दे. आपली म्हणून जाऊ दे. कचऱ्याच्या पिशवीत घालून परकी म्हणून नाही.”

“आणि गिल्दो? ती कुठून आली ते लिहिल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.”

ती उठली. ताटली विसळली, पुसली, जागेवर ठेवली, मग पुन्हा काढून पुसली.

“लिही,” ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. “ते चोर नव्हते असलं काही लिहू नकोस. नेली, असं लिही. आणि पाकिटात नको, उघड्या कार्डावर. टपाल कचेरीतल्या एल्विराच्या हातात उघडं कार्ड पडलं की दुपारपर्यंत गावाला पाठ होतं. मला घरोघर जाऊन सांगायला लावू नकोस.”

मी घरी आलो. ‘बहुधा’ हा शब्द चार वेळा लेखणीच्या टोकाशी आला. माझी सवयच तशी आहे, आणि खरं सांगायचं तर भीती अजूनही होती. उद्या तज्ज्ञ येईल, हसेल, म्हणेल, हा कोण कारकून? म्हणू दे. निदान त्याला हसायला यावं तरी लागेल.

बुधवारी सकाळी मी टपाल कचेरीत गेलो. पेन्शनचा दिवस असल्यानं रांग होती. माझ्या मागेच आर्वेदो. एल्विरानं कार्ड घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नेहमीसारखी ओठ हलवत वाचू लागली. मग ओठ हलायचे थांबले. मग तिनं पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं:

“‘नीवेस फोल्यी हिस. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुझ्याकडची वाम मी भिंगानं तपासली. ती आपल्या पाण्यातली, आपल्याच जातीची मादी आहे. डोळे मोठे आहेत ते म्हातारपणानं आणि समुद्र न मिळाल्यानं. मोठं पाणी उपसलं गेलं त्या वर्षी तुझा नवरा गिल्दो, तिथला पहारेकरी, याने ती चिखलातून उचलून नेली. तिला परकी म्हणून हलवण्यास माझी हरकत आहे. हे कार्ड कचेरीतल्या माणसाला दाखवावे.’”

“गिल्दोनं?” आर्वेदो मागून ओरडला. “शिट्टीवाल्या गिल्दोनं? अरे वा! मला एका वामीसाठी रात्रभर चौकीत बसवला होता त्यानं!”

रांग हसली. मी वळलो.

“आर्वेदो, म्हातारी वाम पाहिली आहेस तू?”

“जन्म गेला माझा—”

“जन्म गेला ते ठाऊक आहे. म्हातारी विचारतोय. तुझ्या वयाची. पाहिलीस एक तरी?”

“म्हातारी कशी होईल? शरदात निघते, आपण धरतो…” तो थांबला. डोकं खाजवलं. “म्हातारी कुठून बघणार?”

“मग सोमवारी काय सांगत होतास त्या खुर्चीत बसून? आपल्या वामी कशा दिसतात ते? आपण त्यांना म्हातारं होऊ दिलंय का कधी?”

माझा आवाज वरच्या पट्टीत गेला होता. रांगेत कुणी हसलं नाही. कुणीतरी खोकलं.

“म्हणजे मी खोटं बोललो म्हणतोस?” आर्वेदो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “साहेबासमोर? मी?”

“खोटं नाही. चुकीचं. आणि त्यावर ते तिला मारणार होते.”

“मग मला आधी सांगायचंस!”

“तेही खरं,” मी म्हणालो.

एल्विरानं कार्ड उलटं करून सही बघितली. “सही करताना घाई केलीत का? नुसती रेघ दिसते. कचेरीवाला म्हणेल, नाव कुठं आहे?”

मी कार्ड परत घेतलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवून सहीखाली पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहायचो तसं एकेक अक्षर सुटं. त्याखाली ‘पुटपुट्यांचा’ असंही लिहिलं, म्हणजे कुणाचा कोण याबद्दल शंका राहायला नको.

“उद्या सकाळी पोचेल,” एल्विरा म्हणाली. तिनं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि कार्ड मागच्या पिशवीत टाकलं.